माणसांचा नकाशा

सत्त्याऐंशी साली चंद्रपूरकडच्या त्या सिमेंट कारखान्यात कॉम्प्युटर यायचा होता. त्यात कोणाकोणाची माहिती भरायची, हे ठरवायला मुंबईहून आलेल्या साहेबांनी आधी माणसांचा नकाशाच मांडायला घेतला. कोण काय काम करतो, कोणाच्या हाताखाली करतो, प्रत्येकाला एक चौकट. हाताची रेघ सरळ येते म्हणून चौकटी आखायला ऑफिसातली सत्यशीला बसली. लिपिकांची चौकट तर तिने जरा जास्तच ठळक मारली. ती तिची होती ना!

मॅनेजरपासून माळ्यापर्यंत सगळे चौकटींत बसले, पण हमालांची चौकट काही येईना. सत्यशीलाचा बाप सोमाजी त्या हमालांतलाच.

"ते ठेकेदाराचे," साहेब म्हणाले. "कर्मचाऱ्यांत नाहीत, खरेदीत बघा."

तिने खरेदीचा कागद ओढला. एकाखाली एक लिहिलं होतं : पोती, सुतळी, हमाल.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पट्टी टेबलावर आपटली.

"माहा बाप सिमेंट गिळून गिळून खोकून राह्यला साहेब, अन् तुमी त्याले सुतळीखाली टाकता? माणसं काऊन दिसत नाई तुमाले? आताच्या आता त्याईले इथी आपल्यात घ्या!"

साहेबांनी शांतपणे खरेदीचा कागद उलटला आणि मागच्या बाजूवर बोट ठेवलं.



"आपल्यात? बाई, तुम्ही रोजंदारीवर. ह्या बघा तुम्ही, शाई आणि टाचण्यांच्या खाली."