निंदण

गवत समजून सोयाबीन उपटल्यापासून केनवडच्या कस्तुराबाईला पोरानं वावरात पाय ठेवायची बंदी केली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशनही दोनदा रद्द झालं, कारण टेबल दिसताच तिचं बीपी बैलासारखं उधळायचं. सुनेनं मोबाइलवर स्वसंमोहनाचा व्हिडिओ लावून दिला. त्यातली बाई लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. समोर निळा समुद्र आहे." कस्तुराबाईनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावचा पाझर तलाव. "मंजुषा, समुद्र काई येऊन नाही राह्यला वं. वावरच येते, अन् त्यात गवत माजलं!" "मंग निंदून काढा, आत्याबाई." तिसऱ्यांदा टेबलावर आडवं होताच तिनं डोळे मिटले. चादरीवर बोटं निंदू लागली, तसं बीपी उतरलं. "छान! सुरू करू?" डॉक्टरांनी विचारलं. "थांबा बापू, एक ओळ राह्यली." सुई बाजूला ठेवून डॉक्टर बांधावर उभे असल्यासारखे थांबले.