कापलेले नऊ सेकंद

टाळ्या थांबून पाच मिनिटं झाली तरी व्हरांड्यात लोक तिच्याभोवती उभेच होते. वर्षातली सर्वोत्तम वाचा-उपचारतज्ज्ञ. काचेचं मानचिन्ह चांगलंच जड होतं आणि टेकवायला आसपास टेबल नव्हतं.

"ताई, त्या चित्रफितीत तुम्ही नुसतं विचारलंत आणि ते काका बोलले! अंगावर काटाच आला," एक तरुण डॉक्टर म्हणाली.

गर्दीतून वाट काढत काकू आल्या. मागून एक पाय ओढत काका, तिचे रुग्ण. पडद्यावर जे बोलले ते हेच. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत ते मंडईत लिलाव पुकारत. भिंतीशी एक खुर्ची होती, तिच्यावर ते सावकाश बसले.

"अभिनंदन, मॅडम," काकू म्हणाल्या. "आज माझे डोळे उघडले."

"का, काय झालं?"

"तुम्ही पेला दाखवलात, हे काय म्हणून विचारलंत, आणि हे पठ्ठे लगेच म्हणाले, पाणी. खणखणीत. सगळ्या सभागृहाने ऐकलं. आणि घरी दोन वर्षं मौनव्रत! मी कोण परकी आहे का?"

"तसं नाही झालं, काकू. मी विचारल्यावर नऊ सेकंद ते नुसते बघत होते. मग मी 'पा' म्हणाले. पहिला आवाज दिला, तेव्हा कुठे शब्द आला. तेवढा भाग कापलाय."

"कोणी कापला?"

"आयोजकांना चित्रफीत तीन मिनिटांचीच हवी होती." तिने मानचिन्ह दुसऱ्या हातात घेतलं. "मला विचारून कापला. मी हो म्हणाले."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. "हा तुमचा मोठेपणा. पण डोळ्यांनी पाहिलं ते काय खोटं?"

"ते हट्टी नाहीत. काय हवंय ते त्यांना कळतं, शब्द सापडत नाही. सहा महिने झाले, सगळ्या चाचण्यांचे निकाल तेच येताहेत. यापुढे फार काही बदलेल असं मला वाटत नाही."

"तुमच्यासमोर सापडतो. माझ्यासमोर बरा हरवतो!"

एक माणूस पाण्याचे पेले घेऊन आला. काकांनी डावा हात पुढे केला. त्यांचा हात पोचण्याआधी काकूंनी पेला उचलला आणि छातीशी धरला.

"काय हवंय? सांगा."

"ते… ते…" काका म्हणाले.

"ते ते नको. मघाशी कसं म्हणालात?"

"ते. ते. ते." त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. बाजूचे दोघेतिघे बोलायचे थांबले. डॉक्टर मुलगी कौतुकाने बघत होती. तिला वाटलं, उपचार चालू आहे.

"काकू, द्या ना त्यांना."

"तुमच्याच कागदावर आहे, मॅडम. वस्तू लगेच हातात देऊ नका, मागू द्या. फ्रिजवर चिकटवलाय मी. रोज वाचते."

तो कागद तिने स्वतः लिहिला होता. वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ती तो देत असे. 'थोडा वेळ थांबा' असं त्यात लिहिलं होतं. किती वेळ, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"काकू, ऐका माझं—"

काका उठले. कोणाकडेही न बघता, भिंत धरत धरत व्हरांड्याच्या टोकाला गेले. तिथे हात धुवायचं बेसिन होतं. डाव्या हाताने त्यांनी नळ सोडला. मग तोल सावरायला त्याच हाताने बेसिनची कड धरावी लागली. उजवा लुळा हात तसाच लोंबत होता. त्यांनी मान वाकडी करून तोंड धारेला लावलं. बरंचसं पाणी गालावरून सदऱ्यात गेलं. तरी ते पीत राहिले.

ती मानचिन्ह पोटाशी धरून उभी होती. कोणीतरी फोटोसाठी हाक मारली, ती हलली नाही.

"पाहिलंत?" काकू म्हणाल्या. पेला अजून त्यांच्या छातीशीच होता. "पण माझ्याकडे म्हणून मागायचं नाही."