साधी गाठ

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खांद्यावरची गाठ डॉक्टरांनी दोन बोटांत धरून हलवून पाहिली. ती कातडीखाली मऊसूत सरकली. सोनोग्राफीचा रिपोर्टही समोरच होता.

"चरबीची गाठ आहे, अगदी साधी," डॉक्टर हसून म्हणाल्या. "हिला घेऊन शंभरी गाठाल. कधीपासून आहे?"

"बारा वर्षं झाली."

"मग इतकी वर्षं जीव मुठीत धरून बसलात कशाला? तेव्हाच दाखवायची ना!"

बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. त्यांच्या आईला अशाच एका गाठीने सहा महिन्यांत नेलं होतं. त्यामुळे स्वतःच्या खांद्यावर गाठ हाताला लागली, तेव्हा डॉक्टरची पायरी न चढताच त्यांनी निकाल लावून टाकला. नवरा आधीच गेलेला. आपल्यामागे पोरीची आबाळ नको, म्हणून चार महिन्यांची लेक त्यांनी मूलबाळ नसलेल्या थोरल्या बहिणीच्या ओटीत घातली. लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी शपथही घातली. मग त्या मरणाची वाट बघत राहिल्या, आणि मरण काही आलं नाही.

त्या बाहेर आल्या, तशी बाकावर बसलेली मुलगी धावत येऊन गळ्यात पडली.

"काय म्हणाल्या डॉक्टर? मावशी, बोल ना!"

"काही नाही गं. साधी गाठ आहे."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? थांब, आईला फोन लावते. सकाळपासून तिच्या डोळ्याचं पाणी खळलं नाहीये."

"लाव," बाई म्हणाल्या. "आईला म्हणावं, आता रडू नकोस."