नाही म्हणणारा वकील

घर घ्यायचं तर वकील एजंटने दिलेला नको, तोंडावर नाही म्हणणारा हवा, असं वनमालाने नवऱ्याला बजावलं होतं. म्हणून राजेशने अख्खी बोरीवली पालथी घालून परुळेकर वकील शोधले. माणूस असा कडक, की साक्षात ब्रह्मदेवाने पृथ्वीचे कागद पुढे ठेवले असते, तरी "आधीचा मालक कोण?" म्हणून परत पाठवले असते.

पहिल्या फ्लॅटला ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखलाच नव्हता, म्हणून वकील नाही म्हणाले. दुसऱ्याच्या करारावर विकणाऱ्याच्या बहिणीची सही नव्हती. तिसऱ्यात सही होती, पण बहीण सहीच्या आधीच वारली होती! इकडे भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि घरमालक आत्ताच येऊन नव्या पडद्यांची मापं घेऊन गेला होता.

चौथ्या फ्लॅटची फाईलही वकिलांनी मिटली आणि मान हलवली, तशी वनमाला रडकुंडीला आली.

"पोरांना घेऊन कुठे जाऊ साहेब? नॅशनल पार्कात बिबट्याशेजारी राहू?"

"ती जमीन वनखात्याची, वहिनी. तिथे तर अजिबात नको."

राजेशने हात जोडले. "पार वाट लागलीय आमची. एखादं तरी घर चालवून घ्या ना!"

वकिलांनी चष्मा काढला, केबिनचं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"तुम्ही सोडताय ती खोली मला मिळेल का हो? मीही भाड्यानेच राहतो, आणि माझाही घरमालक मागे लागलाय."