छाटीच्या बिड्या

डॉक्टरांनी मनुबाईचा हात नवऱ्याच्या पावलावर ठेवला. “ऊब लागतेय का?” भर उन्हाळ्यात गार पडलेला तो पाय कापायचाच ठरला होता; पण मांडीतली शीर जोडून डॉक्टरांनी तुंबलेली नस चुकवली, रक्ताला नवी वाट करून दिली. “आता एक बिडी ओढलीत, तरी पाय जाईल,” ते नवऱ्याला म्हणाले. “एवढ्या बिड्या मिळत होत्या कुठून?” त्यांनी विचारलं. निपाणीच्या कारखान्यात मनुबाई बिड्या वळायची. छाटीत, म्हणजे नापास मालात, टाकलेल्या वाकड्या बिड्या रोज त्याच्यासाठी ओच्यात लपवून आणायची. त्यानं जन्मात बिडी विकत घेतली नव्हती. “दुकानातनं घेत हुतो, सायेब,” नवरा बोलला, “हिला काय म्हाईत न्हाय.” डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. मनुबाईला त्याच्याकडं बघवेना. एक हात ऊबदार पावलावर तसाच होता, दुसरा ओच्यावर गच्च. तिथं आजच्याही बिड्या होत्या.