भर दुपारी जागा होणारा लॅपटॉप

"आता हा परत आपोआप जागा झाला ना यासिएल, तर मी तो गॅलरीतून खाली टाकेन, आणि मागोमाग तुला," ओनेलिया म्हणाली.

यासिएलने ऐकून घेतलं. सिएन्फुएगोस शहरातल्या त्या अख्ख्या गल्लीचे फोन आणि कॉम्प्युटर तो दुरुस्त करायचा, आणि या एका लॅपटॉपने त्याची पार शोभा केली होती. आधी त्याने माऊसवर खापर फोडलं आणि तो काढून टाकला. मग नेटवर्क बंद केलं. मग ठरल्या वेळी आपोआप चालू होणारी कामं शोधून मारली. तरी तेच.

ओनेलियाला सकाळी आवरताना मालिका बघायची सवय. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची वेळ झाली की ती मालिका न थांबवता लॅपटॉप तसाच झोपवून टाकायची. संध्याकाळी परत यावं तर हा पठ्ठ्या जागा, आणि मालिका दोन-दोन भाग पुढे गेलेली. नायिकेला तिचा हरवलेला मुलगा सापडला तो भाग रिकाम्या खोलीने पाहिला. संताप येणारच.

पण आजचा तिचा खरा संताप वेगळाच होता, आणि त्यासाठीच तिने कामावर दांडी मारली होती.

वीज दुपारी जायची ती दिवेलागणीला यायची. दवाखान्याची लाइन तेवढी कधी जात नसे. त्या लाइनवर कोणीतरी चोरून तार टाकली होती. भार वाढून दवाखान्याचा फ्यूज उडाला आणि फ्रिजमधल्या लहान मुलांच्या लसी वाया गेल्या. ओनेलिया तान्ह्या नातीला घेऊन उन्हात रांगेत उभी राहिली आणि तशीच परत आली. ती तार गच्चीवरून याच इमारतीच्या भिंतीत शिरून कुठेतरी गडप झाली होती. कुठे, ते ओनेलियाला पक्कं माहीत होतं. खालच्या मजल्यावरचा रेम्बेर्तो बर्फाचे गोळे विकायचा. ऐन अंधारातही त्याच्याकडे बर्फ असायचा. दुसरा पुरावा कशाला हवा?

दुपारी वीज गेली आणि थोड्याच वेळात वीज खात्याचा इन्स्पेक्टर आला तो घामाने निथळत. येतोय असा निरोप त्याने सकाळीच धाडला होता, अर्सेनियो, म्हणजे ओनेलियाचा नवरा, बेकरीत कामाला गेल्यानंतर. तिने साहेबांना बसवलं, बर्फ घालून पाणी दिलं. आमचा फ्रिज जुना, रशियन, म्हणाली. वीज नसली तरी बर्फ धरून ठेवतो, हल्लीच्या डबड्यांसारखा नाही. इन्स्पेक्टर दोन ग्लास प्यायला.

मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, दात आवळून. चोर सापडला की त्याची लाइन पुढचा उन्हाळा संपेपर्यंत तोडायची, असा हुकूम होता. इन्स्पेक्टरला फक्त एक नाव हवं होतं, शेजाऱ्याच्या तोंडचं.

तेवढ्यात रेम्बेर्तोच दारात आला. त्याला कुणकुण लागली असावी. टोपी हातात धरून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ओनेलिया, मी बर्फ रात्री करतो. भुशात आणि गोधड्यांत गुंडाळून ठेवतो. ये, बघ. माझ्या बहिणीचं इन्सुलिन आहे गं त्या फ्रिजमध्ये. लाइन तोडली तर मी ते कुठे ठेवू?"

"आणि माझ्या नातीची लस कुठल्या फ्रिजमध्ये होती?" ओनेलिया म्हणाली. "तेव्हा आठवली होती का तुला बहीण?"

इन्स्पेक्टरने विचारलं, बाई, तुमची खात्री आहे ना? उद्या मागे फिरता येणार नाही. ओनेलिया म्हणाली, देवाशप्पथ. याच माणसाने लहान लेकरांच्या तोंडचं चोरलंय. इन्स्पेक्टरने पिशवीतून पक्कड काढली आणि तो उठला.

मागच्या जिन्याचं दार वाजलं. अर्सेनियो आला, ओनेलिया हलक्या आवाजात म्हणाली. पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो बिचारा. सरळ मागच्या खोलीत जाऊन पडतो, या भट्टीसारख्या घरातही त्याला झोप लागते. त्याला उठवू नका.

एवढा वेळ कोपऱ्यात लॅपटॉपपुढे मान खाली घालून बसलेल्या यासिएलने एकदम चुटकी वाजवली.

"सापडलं, मावशी. काही भुताटकी नाही. वीज कधीही येईल म्हणून तू चार्जर कायम खोचलेला ठेवतेस ना? आपण सगळेच ठेवतो. चार्जरमध्ये वीज आली की हा जागा होतो. तेवढंच. मी ते बंद करून टाकतो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? माझे इतके भाग बुडाले," ओनेलिया म्हणाली.

यासिएलने लॅपटॉप उठवायला बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबायच्या आतच पडदा उजळला. चार्जरचा हिरवा दिवा लागला. सकाळी अर्ध्या वाक्यात झोपी गेलेली नायिका उरलेलं वाक्य पुरं करून हुंदके देऊ लागली.

"बघ, आली वीज," यासिएल खुशीत म्हणाला.

ओनेलियाही खूश झाली. आज लवकर आली म्हणत ती गॅलरीत गेली. वीज आली की त्या गल्लीत पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे मिळून 'आली, आली' असं ओरडतात; ते दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातं. तीही ओरडायला तोंड उघडून कठड्याशी उभी राहिली.

गल्ली गप्प होती. समोरच्या गॅलरीतली म्हातारी पुठ्ठ्याने वारा घेत बसली होती. खाली कोणाचा रेडिओ नाही, कोणाची मोटर नाही.

आणि तिच्या पाठीमागे, बंद दाराआड, अर्सेनियोच्या खोलीतला पंखा गरगरू लागला.