चांगले जंतू

पेल्याच्या काठावर चमचा किणकिणला. घर इतकं शांत होतं की आतल्या खोलीत बाबांनी कूस बदलल्याचंही ऐकू आलं.

"हळू ढवळ," आई कुजबुजली.

खारूनं चमचा अलगद फिरवला. पांढरी पूड पाण्यात विरघळली. खारू पहिलीत होती. कानाचं दुखणं औषधानं बरं झालं, पण त्या औषधानं पोट पार बिघडवलं. काही खाल्लं की धाव. म्हणून ही पुडी, सकाळ-संध्याकाळ.

"यात काय असतं?"

"चांगले जंतू. पोटात जाऊन ठाण मांडतात आणि वाईट जंतूंना हुसकावून लावतात."

"म्हणजे सैनिक?"

"सैनिकच."

"माझी तर अख्खी फौजच गारद झाली," आतून बाबांचा आवाज आला.

"तू पडून राहा," आई म्हणाली, पण हसली.

बाबांना रक्ताचा आजार होता. कडक औषधांनी आजाराबरोबर अंगातली झुंजायची ताकदही संपवली होती. ती परत येईपर्यंत जपा, डॉक्टर म्हणाले होते. एखादा क्षुल्लक जंतूही जिवावर बेतेल. छातीत औषधाची नळी बसवलेली. आईनं घर धुऊन काढलं. चपला दाराबाहेर, दही-ताक बंद, कच्चं काही नाही. पाणी उकळून, झाकून. सासूबाईंनाही लेकाला खिडकीतूनच बघावं लागे.

"तुरुंगातसुद्धा आत सोडतात गं," त्या म्हणायच्या.

"थोडेच दिवस," आई त्यांची समजूत घालायची.

खारूला मात्र आत जाता येई, कोपरापर्यंत हात धुऊन. गोळ्यांचं पाणी नेणं हे तिचं काम. स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून ती अशी चालायची, की एक थेंब सांडला तर जग बुडेल.

"कसं लागतं पाणी?" ती विचारायची.

"चवच मेलीय गं माझी. सरबत दिलंस तरी पाणीच लागेल."

खारूचं पोट काही सुधारेना. आईनं औषधांचं दुकान गाठलं.

"पुड्या संपत आल्या, फरक काडीचा नाही."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "कशात कालवता?"

"उकळलेल्या पाण्यात. घाईत चांगलं गरमच असतं."

"मग झालंच. जिवंत असतात हो ते. गरम पाण्यात पडले की मेले. गार पाण्यात द्या."

आईला स्वतःचाच राग आला. घरी आल्या आल्या तिनं खारूला जवळ घेतलं. "गरम पाण्यात मरतात बिचारे. आता गार पाण्यात ढवळायचे, म्हणजे पोटापर्यंत जिवंत पोचतील."

खारूचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस मेलेलेच गेले?"

"मेलेलेच."

"आधी सांगायचंस ना मग," ती रडवेली होऊन म्हणाली.

तेव्हापासून खारू पुडी स्वतःच फोडायची. आई आत चादर बदलत असायची, तोवर बाहेर चमचा किणकिणायचा. रिकामा पेला विसळून, पालथा घालूनही ठेवायची. शहाणी झाली पोर, आई मनात म्हणायची. खारूचं पोट मात्र बिघडलेलंच होतं. पण त्याकडे पुन्हा बघायला सवड मिळाली नाही. बाबांना हुडहुडी भरली. ताप चढला तो उतरेचना. दवाखान्यात नेलं, आणि ते परत आले नाहीत.

"कुठून आलं हे?" आईनं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून विचारलं. "मी वाऱ्यालाही आत येऊ दिलं नव्हतं."

डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल उघडला. "रक्तात जे जंतू सापडले, ते निरोगी माणसाच्या पोटात गुण्यागोविंदानं नांदतात. उपकारकच असतात. यांच्या अंगात मात्र त्यांना आवरणारं कुणी उरलं नव्हतं. दही, ताक, असं काही दिलं होतं?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग सांगता येत नाही. तुम्ही कशात कमी पडला नाहीत, एवढं खरं."

त्या एका वाक्याला धरून ती घरी आली.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. सासूबाई आता आतल्या खोलीत, त्याच पलंगाच्या कडेला बसून असत. दार सताड उघडं असे. त्याला आता कुणाची हरकत नव्हती.

एका संध्याकाळी आईला डब्यात उरलेली पुडी दिसली. तिनं ती पाण्यात ढवळली आणि पेला खारूपुढे धरला.

"पी बाळा. तुझ्या पोटाकडे बघायचं राहूनच गेलं."

खारूनं पेला घेतला नाही. ती आतल्या पलंगाकडे बघत राहिली.

"आई, तू सांगितलंस तसं मी गार पाण्यातच ढवळून द्यायचे बाबांना. रोज, माझे सगळे. मग ते हरले कसे?"